आक्षेप कायम

मुलीने हीथ्रोवर मिठी मारतानाच कानात सांगितलं, "बाबा, घरी एक सरप्राइज आहे." आमच्या पिढीत या वाक्याचा एकच अर्थ होतो. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे बघितलं. एक्झिटरला पोहोचेपर्यंत हिने मनातल्या मनात डिंकाच्या लाडवांचं सामान काढून ठेवलं होतं. मग घराचं दार उघडलं आणि ते सरप्राइज चार पायांवर धावत येऊन माझ्या पँटच्या डाव्या पायाला लटकलं.

"हा टिल्लू. जॅक रसेल टेरियर," जावई म्हणाले. "चावत नाही, फक्त धरतो."

मी बत्तीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली. माझ्या निरोप समारंभात पाच भाषणं झाली, पण इतक्या नेमक्या शब्दांत माझं वर्णन कुणाला जमलं नव्हतं. अर्थात हे मला त्या क्षणी सुचलं नाही. त्या क्षणी मी 'हाड, हाड' म्हणत होतो.

कुत्र्याशी बोलायला माझ्याजवळ एकूण तीनच शब्द. 'यू यू', 'हाड' आणि 'छू'. पहिला बोलावायचा, दुसरा घालवायचा, तिसरा दुसऱ्याच्या अंगावर सोडायचा. रस्त्यावरच्या कुत्र्यांशी आयुष्यभराचा व्यवहार एवढ्यात भागला. पण जो सोफ्यावर झोपतो, ज्याच्या मानेत कायद्याने चिप बसवलेली आहे आणि ज्याचा वैद्यकीय विमा माझ्या विम्यापेक्षा बरा आहे, त्याच्याशी बोलायला हे तीन शब्द फार तोकडे पडतात. शिवाय पहिल्याच दिवशी मी घाबरून इतक्या वेळा 'हाड' म्हणालो, की टिल्लूला ते माझं नाव वाटलं. पुढे कुणीही 'हाड' म्हटलं की तो शेपूट हलवत माझ्याकडे यायचा.

दिसायला म्हणाल तर अंगभर पांढरा, फक्त एक कान आणि त्याच बाजूचा डोळा तपकिरी. चहाचा कप ठेवून उचलल्यासारखा डाग. नाव मुलीने हौसेने टिल्लू ठेवलं. शेजारच्या आजीबाई त्याला 'टिली' म्हणतात आणि मुलगी समजतात. त्याला या दोन्ही गोष्टींचं काही नाही. त्याला वाईट फक्त एकाच गोष्टीचं वाटतं: खार झाडावर चढू शकते आणि तो चढू शकत नाही.

या जातीची अधिकृत प्रमाणं वाचली, तेव्हा मात्र मला तिच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. उंची 25 ते 30 सेंटिमीटर. दर 5 सेंटिमीटर उंचीला 1 किलो वजन. बस्स. सरकारी नियमावलीत मी इतका स्वच्छ नियम कधी पाहिला नाही. ना परंतुक, ना तळटीप. छातीचा घेर 40 ते 43 सेंटिमीटर, पण टेप नसली तरी अडत नाही. पुढच्या पायांच्या मागे दोन्ही पंजांनी छाती धरायची, बोटं जुळली पाहिजेत. नाही जुळली तर हा गडी बिळात अडकणार. कारण कोल्हा दिसतो मोठा, पण त्याची छाती असते एवढीशीच, आणि तो जिथून आत गेला तिथून याला जायचं असतं.

टिल्लूची उंची 28. म्हणजे मंजूर वजन 5 किलो 600 ग्रॅम. आम्ही गेलो तेव्हा तो 5 किलो 700 होता. दोन महिन्यांनी 6 किलो 900 भरला. या जवळजवळ सव्वा किलोच्या जादा जमेवर 'तपशील अभिलेखात आढळून येत नाही' असा शेरा मारायला माझे हात शिवशिवत होते. पण तपशील मला ठाऊक होता. तो रोज सकाळी तूप लावलेल्या पोळीच्या रूपात ओट्याखाली सुपूर्द होत होता, आणि सुपूर्द करणारी व्यक्ती माझ्याच घरची असल्याने मी तो आक्षेपाचा पॅरा उघडलाच नाही.

कुत्र्याला फिरवण्याचं काम माझ्याकडे आलं ते मी मागितलं म्हणून नाही. नोकरी करणाऱ्या मुलांच्या घरी निवृत्त बाप आला, की कामं आपोआप त्याच्याकडे वर्ग होतात. पण एक सांगतो. मी पहिले दहा दिवस त्या गल्लीतून एकटा फिरलो, डोक्याला कानटोपी, हात मागे. एका माणसाने माझ्याकडे बघितलं नाही. अकराव्या दिवशी हातात टिल्लूचा पट्टा होता आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो सहा जण थांबून बोलले. सगळे टिल्लूशी. 'काय रे, किती गोड, वय काय तुझं?' उत्तर मी द्यायचो, 'तीन वर्षं', आणि ते माझ्याकडे न बघता त्याला म्हणायचे, 'अरे वा, तीन!' इंग्रज माणूस दुसऱ्या माणसाशी थेट बोलत नाही. मध्ये कुत्रा किंवा हवामान लागतं. आमच्याकडे डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर बसायला मिळालं, की उतरेपर्यंत समोरच्याचा पगार कळतो.

मागून पिशवीत काय उचलावं लागतं त्याविषयी मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की पहिल्या दिवशी खाली वाकताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आणि त्यांना हे दिसत नसावं अशी प्रार्थना केली.

चालण्यात टिल्लूचा आणि माझा मूलभूत मतभेद होता. माझ्या दृष्टीने फिरायला जाणं म्हणजे एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचणं. त्याच्या दृष्टीने ती तपासणी होती. प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप, प्रत्येक कचऱ्याचा डबा. आधीचं कोण येऊन गेलं, काय नोंद करून गेलं, ती नोंद बरोबर आहे का. मग खाली स्वतःची सही. मी चिडून पट्टा ओढायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की जिल्हा परिषदेच्या कार्यालयात मीही असाच फिरायचो आणि तिथले लोकही माझ्याकडे असेच चिडून बघायचे.

तेव्हा हे कुठून आलं, ते शोधणं भाग पडलं. एक्झिटर ज्यात येतं त्या डेव्हनच्या मातीतच त्याचं मूळ निघालं.

जॉन रसेल हा माणूस 1795 साली डेव्हनमधल्या डार्टमथला जन्मला. जॉनचं लाडाचं नाव जॅक. टिव्हर्टनच्या शाळेत असताना याने एका मित्राबरोबर गावच्या लोहाराकडे चोरून शिकारी कुत्र्यांचा कळप ठेवला होता. आपल्याकडची पोरं फार तर चिंचा चोरतात. पुढे ऑक्सफर्डला गेला. 1819 सालच्या मे महिन्यात, परीक्षेचे दिवस, हातात होरेस या रोमन कवीचं पुस्तक, आणि स्वारी नदीकाठच्या कुरणातून चालली होती. समोरून दूधवाला आला. त्याच्या सोबत एक कुत्री. पांढरी, डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी पेनीएवढा आणखी एक. रसेलने तिथल्या तिथे ती विकत घेतली. होरेसचं पुढे काय झालं ते त्याच्या चरित्रात नाही. कुत्रीचं नाव होतं ट्रम्प. आजच्या वाचकाने उगाच भलता अर्थ काढू नये. हे नाव 1819 सालचं आहे आणि ती बिचारी फक्त कोल्ह्यांवर भुंकायची.

या ट्रम्पपासून पुढे सगळा वंश. रसेल पदवी घेऊन पाद्री झाला. उत्तर डेव्हनमधल्या स्विमब्रिज गावी चाळीसहून अधिक वर्षं चर्च सांभाळलं आणि आठवड्यातले उरलेले दिवस घोड्यावर. लोक त्याला 'शिकारी पाद्री' म्हणूनच ओळखायचे. बायको पैसेवाल्या घरची होती. तो पैसा बराचसा कुत्र्यांच्या आणि घोड्यांच्या मागे धावत गेला. एक्झिटरच्या बिशपने एकदा बोलावून झापलं, धर्मगुरूला कुत्र्यांचा कळप शोभत नाही, सोडून दे, अशी गोष्ट सांगतात. रसेलने मान्य केलं. म्हणाला, आजपासून कळप माझा नाही. आणि कळप बायकोच्या नावावर केला.

हे वाचून मी चष्मा काढून पुसला. बत्तीस वर्षांत मी बायकोच्या नावावरचे ट्रॅक्टर पाहिले, बायकोच्या नावावरच्या सहकारी संस्था पाहिल्या, पण बायकोच्या नावावर कुत्र्यांचा कळप! आणि तोही धर्मगुरूने, धर्मपीठाला उत्तर म्हणून!

आता या कुत्र्याचं काम काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. इंग्रजांची कोल्ह्याची शिकार म्हणजे एक मोठी वरात. घोड्यांवर साहेब, पुढे हाउंड जातीच्या कुत्र्यांचा कळप. (कोल्हा म्हणजे आपला पंचतंत्रातला नव्हे. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल. इंग्रजांच्या फॉक्सच्या जवळचं आपलं खोकड. साहेब उटीला आला तेव्हा तिथे फॉक्स मिळेना, म्हणून त्याने जॅकलच्या मागे तीच वरात काढली.) तर, कळप पाठलाग करतो, कोल्हा पळता पळता बिळात शिरतो. हाउंड मोठे, आत जाऊ शकत नाहीत. सगळी वरात बिळाच्या तोंडाशी ताटकळते. अशा वेळी आत सोडायचा तो टेरियर. शब्दच मुळी लॅटिनमधल्या 'टेरा' म्हणजे जमिनीवरून आलेला. जमिनीखाली जाणारा तो टेरियर. दिवसभर घोड्यांबरोबर धावता येईल असे पाय हवेत, बिळात मावेल अशी छाती हवी, आणि रंग पांढरा हवा, म्हणजे चिखलाने माखून बाहेर आल्यावर हाउंडांनी यालाच कोल्हा समजून फाडू नये.

आणि आत जाऊन करायचं काय? मारायचं नाही. रसेलचा हाच अभिमान होता, की त्याच्या टेरियरांना रक्ताची चटक नाही. कोल्हा आतच मेला, तर बाहेरच्या साहेबांचा दिवस फुकट. टेरियरने फक्त समोर उभं राहायचं आणि भुंकायचं. न थांबता. कोल्ह्याला त्याचा इतका कंटाळा आला पाहिजे, की त्याने स्वतःहून बाहेर यावं. पुढचं काय ते बाहेरचे बघतील.

सज्जनहो, हेच लेखापरीक्षण. आम्ही कधी कुणाला खाल्लं नाही. आम्ही फक्त बिळात शिरून 'मूळ व्हाउचर दाखवा, मूळ व्हाउचर दाखवा' असं म्हणत राहायचो. पुढचं काय ते बाहेरचे बघायचे. बहुधा बघायचे नाहीत, पण तो आमचा विषय नव्हे.

एका रविवारी जावयांनी आम्हाला स्विमब्रिजला नेलं. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, त्यांवर झाडोरा. समोरून ट्रॅक्टर आला की एकाने अर्धा मैल मागे जायचं. गावात शिशाच्या पत्र्याने मढवलेल्या निमुळत्या शिखराचं जुनं चर्च आहे. 1883 साली रसेल गेला तेव्हा त्याला इथेच पुरलं. आणि चर्चसमोर पब. पबचं नाव 'द जॅक रसेल', पाटीवर कुत्रा. धर्मगुरूचं नाव गुत्त्याला द्यायचं आणि पाटीवर त्याच्याऐवजी कुत्र्याचं चित्र लावायचं, ही गोष्ट आमच्या गावात झाली असती तर तीन दिवस बाजारपेठ बंद राहिली असती. टिल्लूला मी मुद्दाम थडग्यापाशी नेलं. मूळ पुरुषाचं दर्शन घडवावं, एवढाच हेतू. तो दोन मिनिटं गवत हुंगत राहिला आणि मग पुढच्या दोन पायांनी उकरायला लागला. हिने पदर तोंडाला लावला. जावयांनी त्याला उचलून गाडीत नेलं.

रसेलनंतर त्याच्या कुत्र्यांवरून जे भांडण झालं, ते वाचताना मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. 1873 साली इंग्लंडात केनेल क्लब निघाला, त्याच्या संस्थापक सभासदांत रसेल होता. पण स्वतःचे टेरियर त्याने प्रदर्शनात नेले नाहीत. प्रदर्शनातले टेरियर म्हणजे बागेतला गुलाब आणि आपले म्हणजे रानगुलाब, असं काहीसं त्याचं मत. पुढे शंभर वर्षं लोकांनी कुठल्याही बुटक्या, पांढऱ्या, भांडखोर टेरियरला जॅक रसेल म्हणायला सुरुवात केली. मग दोन तट. एक म्हणे क्लबची मान्यता हवी, दुसरा म्हणे मान्यता मिळाली की कुत्रा शोभेचा झाला. 1990 साली क्लबने लांब पायांच्यांना 'पार्सन जॅक रसेल' म्हणून मान्यता दिली, 1999 साली त्यातला 'जॅक' काढून टाकला. आखूड पायांचे मध्यंतरी ऑस्ट्रेलियात जाऊन नीट जातीला लागले आणि आंतरराष्ट्रीय मान्यता घेऊन आले. इंग्लंडच्या क्लबने त्यांना 'जॅक रसेल' म्हणून मानलं ते थेट 2016 साली. म्हणजे एका गल्लीत एक सार्वजनिक मंडळ, मग फुटून 'मूळ' मंडळ, मग 'नवयुवक', आणि चौथं परदेशातून देणगी घेऊन येतं. कुत्रे बिचारे तेच.

तर आता तो प्रसंग, ज्यानंतर माझं आणि टिल्लूचं जमलं. नोव्हेंबरची दुपार. तिथे चारला दिवेलागण होते. गावाबाहेरच्या शेताकडेने चाललो होतो आणि माझ्या मनात उदारता आली. मी पट्टा सोडला. जॅक रसेल पाळणाऱ्याने करू नयेत अशा गोष्टींत ही पहिली. टिल्लू तीन पावलं सज्जनासारखा चालला, चौथ्या पावलाला बांधातल्या एका भोकात गेला. सशाचं बीळ असावं. क्षणापूर्वी कुत्रा होता, आता नव्हता.

मी 'टिल्लू, टिल्लू' केलं. 'यू यू' केलं. खिशातली बिस्किटं बिळाच्या तोंडाशी मांडली. शेवटी 'हाड' म्हणून पाहिलं. आतून उत्तर येत होतं, पण ते मला नव्हतं. जमिनीच्या पोटातून 'भ्व, भ्व, भ्व', एका लयीत. थोड्या वेळाने आवाज दोन हात डावीकडे सरकला. मग जरा वर. मग थेट माझ्या बुटांखाली. मी ओल्या गवतात गुडघे टेकून जमिनीला कान लावला. तेवढ्यात फावडं घेऊन जाणारा एक म्हातारा शेतकरी थांबला. त्याने काही विचारलं नाही. त्यानेही कान लावला, बोटाने जमिनीवर एक जागा दाखवली आणि म्हणाला, "इथे आहे. येईल."

तेव्हा मला ते भुंकणं कळलं. आजवर मी त्याला गोंगाट समजत होतो. पोस्टमन आला की भुंकतो, बेल वाजली की भुंकतो, धुलाई यंत्र फिरायला लागलं की भुंकतो. पण ते भुंकणं म्हणजे अहवाल होता. वरच्या माणसाला फावडं कुठे मारायचं ते कळावं, म्हणून आतला कुत्रा मिनिटामिनिटाची खबर देतो: इथे आहे, अजून इथेच आहे, आता डावीकडे गेलं, मी मागे आहे. पूर्वी याच कारणाने यांची शेपटी कापून आखूड ठेवत. खणून पोहोचल्यावर मुठीत धरून ओढायला बरी. आता इंग्लंडात, कामाच्या कुत्र्यांचा अपवाद सोडला, तर ते कापणं बंद झालं. कुत्र्यांनी पाठलाग करून कोल्हा मारण्यावरही 2004 च्या कायद्याने बंदी आली. पद रद्द झालं, कार्यालय बंद झालं. पण टिल्लूला कार्यमुक्तीचा आदेश कुणी बजावलाच नाही. तो आपला रोज हजेरी लावतो. आणि धुलाई यंत्राच्या गोल दारासमोर उभा राहून, आत जे काही फिरतं आहे त्याचा अहवाल देतो.

मला आदेश मिळाला होता, नारळ आणि शालीसकट. तरी मी अजून उडप्याचं बिल उलटं करून बेरीज तपासतोच.

पाऊण तासाने टिल्लू बाहेर आला. पांढरा भाग शिल्लक नव्हता. ससा नव्हता. चेहऱ्यावर मात्र पूर्ण अनुपालन झाल्याचं समाधान. मी त्याला माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं आणि मुलीला सांगितलं, की पाय घसरला.

निगेबद्दल दोन शब्द लिहायचे तर पहिला शब्द केस. आखूड केसांचा कुत्रा केस गाळत नाही, ही अफवा कुणी पसरवली देव जाणे. लांब केस निदान दिसतात, झाडता येतात. याचे केस पांढरी टाचणी. कापडात उभे घुसतात आणि तिथेच राहतात. माझ्या गडद निळ्या सुटात आजही ते आहेत; पुण्यात लग्नाला गेलो की लोक म्हणतात, कोंडा झालाय का? आठवड्यातून दोनदा रबरी ब्रशने केस काढायचे, नखं कापायची, आणि दात घासायचे. होय, दात. कोंबडीच्या चवीची पेस्ट मिळते. हिला ती मांसाहारी पेस्ट बाथरूममध्ये आमच्या ब्रशांशेजारी चालेना, म्हणून ती बाहेर बुटांच्या कपाटात गेली.

बाकी जात तशी काटक. मध्यंतरी इंग्लंडात पशुवैद्यकांनी लाखो रुपयांचा नव्हे, हजारो कुत्र्यांच्या मृत्यूंचा हिशेब मांडून कुठली जात किती जगते ते काढलं. 2022 साली छापून आलं. हिशेबात घेतलेल्या जातींत जॅक रसेल सगळ्यांच्या वर, सरासरी 12.7 वर्षं. गुडघ्याची वाटी सरकते, डोळ्यातलं भिंग जागा सोडतं, अशा काही आनुवंशिक तक्रारी आहेत, पण त्या तपासून घेता येतात. खरा धोका आहे तो कंटाळ्याचा. दिवसाला तासभर पळवलं नाही आणि डोक्याला काम दिलं नाही, तर तो स्वतः काम शोधतो. आमच्या टिल्लूने शोधलेली कामं: जावयांचा हेडफोन, ट्युलिपचे कंद, आणि कुंपणाखालचा भुयारी मार्ग, ज्याचं उद्घाटन शेजारच्या आजीबाईंच्या मांजरीच्या उपस्थितीत झालं.

आणि दुसरा धोका, आम्ही. म्हणजे मराठी स्वयंपाकघर.

डिसेंबरात मुलीने सत्यनारायण घातला. गुरुजी पुण्याहून, लॅपटॉपवर. हिने सव्वाच्या मापाने शिरा केला; तूप, केळं, वेलची, बेदाणे. टिल्लू पूजाभर शहाण्यासारखा बसला, फक्त शंखाच्या वेळी गुरुजींना साथ दिली. मग प्रसाद वाटताना हिला वाटलं, मुक्या जिवाला का वगळा? साधुवाण्याची गोष्ट आत्ताच ऐकली होती. प्रसाद नाकारल्याचे परिणाम ताजे होते. तिने त्याच्या वाटीत एक मूद टाकली.

"आई! त्यात बेदाणे आहेत!"

मी अशी किंकाळी यापूर्वी फक्त परीक्षेच्या निकालाला ऐकली होती. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विष. किती खाल्ले की बाधतात त्याचाही भरवसा नाही. एखादा मूठभर पचवतो, एखाद्याला थोडे पुरतात. अलीकडे संशय आहे तो त्यातल्या टार्टारिक आम्लावर, आणि तेच आम्ल चिंचेत. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आमटी बाद, कांदेपोहे बाद, चटणी बाद, प्रसाद बाद. हिने खुर्चीवर बसून विचारलं, "मग हे खातं काय?" आणि रडायला लागली.

पंधरा मिनिटांत आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात. जावयांच्या मांडीवर टिल्लू, माझ्या अंगावर सोवळं आणि त्यावर ओव्हरकोट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती बेदाणे? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी म्हणालो, नऊ.

"बाबा, तुम्ही मोजलेत?"

मोजले होते. मूद वाटीत पडताना दिसत होते, नजर गेली, मोजले गेले. सवय. त्यांनी इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत टिल्लूने सगळा प्रसाद परत केला. आता बाई हातमोजे घालून ट्रेमध्ये चिमट्याने शोधू लागल्या. मी शेजारी उभा. एक, दोन, सहा, सात. सात. जावई म्हणाले, झालं ना, सात म्हणजे जवळजवळ सगळे. मी म्हणालो, दोन बेदाण्यांचा ताळमेळ लागत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चिमटा घेतला. एक केळ्याच्या फोडीला चिकटलेला निघाला. नववा काही निघेना. बाई म्हणाल्या, एकाने बहुधा काही होणार नाही, पण दोन दिवसांनी रक्त तपासू. मी म्हटलं, तोवर आक्षेप कायम ठेवा.

बिल आलं त्याचं मी रुपयांत रूपांतर केलं आणि हिला सांगितलं नाही. बेरीज मात्र तपासली, बरोबर होती. दोन दिवसांनी रक्तही चांगलं आलं. नववा बेदाणा संध्याकाळी माझ्या ओव्हरकोटाच्या खिशात सापडला. तो तिथे कसा गेला, हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. प्रसाद खाताना मला बेदाणे आवडत नाहीत, एवढंच इथे नमूद करतो.

परतीच्या आधी एका रात्री जावयांनी जुनं नाट्यसंगीत लावलं आणि पडद्यावर त्या तबकडीचं चित्र आलं. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा. आमचे आजोबा त्या तबकड्यांना 'कुत्रा छाप' म्हणायचे. घरात कुत्रा शिवलेला चालायचा नाही, पण हा कुत्रा फडक्यात गुंडाळून देवघराशेजारच्या फडताळात असायचा. मी टिल्लूकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. तेच डोकं, तोच तपकिरी कान. पन्नास वर्षं मी या जातीला ओळखत होतो आणि नाव माहीत नव्हतं.

त्याचं नाव निपर. 1884 सालचा, ब्रिस्टलचा. म्हणजे आमच्या एक्झिटरहून फार लांब नाही. अस्सल जात कुठली यावर वाद आहे, टेरियर मात्र नक्की. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा म्हणून निपर. 'फक्त धरतो' या पंथातला नव्हता. मालक गेला, मग त्याचा चित्रकार भाऊ फ्रान्सिस बॅरॉड याने सांभाळला. 1895 साली निपर मेला. त्यानंतर बॅरॉडने आठवणीने चित्र काढलं: फोनोग्राफ ऐकणारा निपर. ते घेऊन तो फोनोग्राफवाल्यांकडे गेला. कुत्रे फोनोग्राफ ऐकत नाहीत, असं सांगून त्यांनी ते परत केलं म्हणतात. मग 1899 साली ग्रामोफोन कंपनीने 100 पौंडांना चित्र आणि हक्क घेतले, अट एकच: ते जुनं यंत्र पुसून आमचं रंगव. त्याने रंगवलं. निपरला त्या दोन्ही यंत्रांतला फरक कळायला तो शिल्लक नव्हता. मागणीला माल बदलून देणारा चित्रकार आणि त्याच मोबदल्यात चित्र व हक्क दोन्ही घेणारी कंपनी. हा व्यवहार मी तपासला असता तर एक पॅरा तरी निघालाच असता.

आम्ही जानेवारीत परत आलो. पहिल्या रविवारी मुलीने टॅबलेट सोफ्यावर टेकवून ठेवला आणि टिल्लूला समोर बसवलं. "बाबा, बोला काहीतरी, बघू ओळखतो का." मागे हिने कुत्रा छापची आठवण काढून डोळ्यांना पदरही लावला. मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "हाड."

टिल्लूने कान टवकारले. मान तिरकी केली, अगदी तशीच. क्षणभर आम्ही चौघंही गप्प. मग तो उठला, टॅबलेटच्या मागे गेला, आत कोण आहे ते बघितलं, आणि पडदा आडवा झाला. आता आम्हाला फक्त छत दिसत होतं. आवाज मात्र येत होता. कापड फाटल्याचा, मग कापूस ओढल्याचा, आणि मग सोफ्याच्या पोटातून, एका लयीत, 'भ्व, भ्व, भ्व'.

"बाबा, बोलू नका! बोलू नका आता!" मुलगी ओरडत होती.

मी कान फोनला लावला. आवाज जरा डावीकडे सरकला होता.